बावीस तासांची भट्टी

अधारतालच्या आमच्या लघुउद्योग संघाची एक रीत आहे. विजेच्या प्रश्नावर आयोगाची जनसुनावणी असली, की संघातर्फे एकच निवेदन जातं आणि ते सगळ्यात जुना सभासद वाचतो. सगळ्यात जुने सभासद म्हणजे माझे बाबा, श्रीकांत देव. खमरियाच्या दारूगोळा कारखान्यातली नोकरी सोडून अठरा वर्षांपूर्वी त्यांनी गिअर कठीण करायची विजेची भट्टी टाकली. यंदा निवेदन लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी नुकतीच भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाले होते आणि रिकामी होते.

वीज कंपनीचा प्रस्ताव साधा होता. संध्याकाळी पाच ते दहा कारखान्यांची वीज पूर्ण बंद, त्या बदल्यात दिवसभर स्वस्त आणि अखंड वीज. संघाचे अध्यक्ष आलोक भैया प्लास्टिकच्या बादल्या बनवतात. ते म्हणाले, "चिन्मयी, फायदा की नुकसान, इतनाच बता. पीएचडी मत लिखना."

मी चाळीस सभासदांकडून मीटरच्या तासागणिक नोंदी मागवल्या आणि सरासरीचा आलेख काढला. सकाळी दहाला चढणारा, दुपारी सपाट, पाचला उतरणारा. संध्याकाळी बहुतेकांची शटरं पडलेलीच असतात. आमच्या भट्टीचा विचार मी केला नव्हता असं नाही. जाड विटांची भट्टी आहे, पाच तास उष्णता धरून ठेवेल, असं मी गृहीत धरलं. बाबांना विचारलं नाही. उत्तर मला माहीत आहे असंच वाटत होतं.

हिंदीतला मसुदा बाबांनी दोनदा वाचला. "दिवसा 'भरपूर' वीज काहून लिहिलं? 'पर्याप्त' लिही. भरपूर काही नसते." एवढीच दुरुस्ती.

सुनावणीच्या सकाळी कांचघर भागातल्या आमच्या घरी मी जोडपत्रं लावत बसले होते. सतरावा कागद बाबांच्या मीटरचा. त्यांची रेघ दिवसरात्र जवळजवळ सरळ होती, मे महिन्यात एका दुपारी मात्र शून्यावर पडली होती. शेजारी समासात बाबांचं बारीक अक्षर: "लाईट ४० मिनिटं गेली. लॉट बाद."

चाळीस मिनिटं. मी कागद खाली ठेवला. एका लॉटला, म्हणजे एकदम भरलेल्या गिअरना, सलग बावीस तास लागतात, नऊशे वीस अंशांवर, दहा अंश इकडेतिकडे झालेले चालत नाहीत. चोवीसातून पाच गेले की एकोणीस उरतात. जनरेटरवर एवढी भट्टी चालत नाही.

बाबा अंगणात स्कूटर पुसत होते.

"बाबा, हे वाचू नका. यानं तुमची भट्टी बंद पडेल."

"माहीत आहे."

"मग मला काहून नाही सांगितलं?"

"तू विचारलं नाहीस." त्यांनी फडकं पिळून तारेवर टाकलं. "आणि तू लिहिलं ते चूक नाही. आलोकचा साचा दर हप्त्याला जाम होते, दुपारी लाईट जाते म्हणून. एकोणचाळीस लोकांचं भलं होऊन राहिलं."

"आपण वेगळी हरकत देऊ. आपली एकट्याची."

"विनताताईची बर्फाची फॅक्टरी आठवते? तू लहान होतीस. तेव्हाच्या सुनावणीत तिलाही वेगळं बोलायचं होतं. मी तिच्या घरी जाऊन सांगितलं, घरातलं भांडण आयोगासमोर नको. ती गप्प बसली. दोन वर्षांत फॅक्टरी गेली." त्यांनी हेल्मेटचा पट्टा लावला. "आता माझी पाळी आली तर रीत बदलू? बस मागं."

सभागृहात त्यांनी निवेदन स्पष्ट आवाजात वाचलं. आयोगाच्या सदस्यांनी विचारलं, "आपके किसी सदस्य को इससे नुकसान है?"

बाबांनी कागद उलटून पाहिला, जणू उत्तर मागच्या बाजूला लिहिलेलं होतं. "जी नहीं. सर्वसम्मति है."

आलोक भैयांनी सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या. त्यांना ठाऊक नव्हतं. नंतर कळल्यावर ते घरी आले, चहा घेतला नाही, नुसते बसून गेले.

वीजबंदी लागू व्हायच्या आदल्या दिवशी शेवटचा लॉट निघाला. त्यानंतर मी रोज भट्टीचं तापमान वहीत लिहीत गेले. दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. पहिल्या दिवशी ते भराभर उतरलं, मग सावकाश. विटा उष्णता धरतात हे माझं म्हणणं खोटं नव्हतं. ती गिअरना पुरेशी नव्हती, इतकंच.

चौथ्या दिवशी काटा साठावर होता. काम नव्हतं, तरी आईनं रोजच्यासारखा डबा दिला होता. बाबांनी तो भट्टीच्या झाकणावर ठेवला. अठरा वर्षं त्यांचा डबा तिथंच गरम होत आला होता. अर्ध्या तासानं त्यांनी तो उघडला, बोटानं भाजी चाचपली.

"गरम आहे?" मी विचारलं.

"कोमट. चालते."

त्यांनी अर्धी पोळी मला दिली. आम्ही जेवलो. डबा धुऊन पिशवीत ठेवताना ते म्हणाले, "आईला सांग, उद्यापासून घरीच जेवीन."