सुधाताईची हिरवी ज्वाळा

वितळलेल्या मेणात लाकडाच्या भुशाचा वास मिसळला की मला सुधाताईचे हात दिसतात. बोटांची टोकं मोरचुदाने निळसर झालेली, आणि हालचाल संथ, सावध, जवळजवळ पूजेसारखी. ताई माझी सख्खी मोठी बहीण. भंडारदऱ्याजवळच्या अकोले गावातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तिने अनेक वर्षं तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवलं. मग मुलं कमी होत गेली, विज्ञानशाखा मिटली, आणि तिच्यापाशी शिकवण्याची नुसती सवय उरली.

भंडारदऱ्याच्या काठावर तेव्हा पर्यटकांच्या तंबूंची वस्ती वाढत होती. तिथली लाकडं सदा ओलसर, लवकर पेट न घेणारी. ताईने वखारीतून भुसा आणला, क्षारांच्या पाण्यात भिजवून वाळवला, अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या खळग्यांत भरला आणि वर मेण ओतलं. अशी एक वडी पेटवली की ओलं लाकूडही धरत असे आणि ज्वाळेला रंग चढे. मोरचुदातल्या तांब्याने गर्द हिरवा, पोटॅशने फिकट जांभळा, साध्या मिठाने केशरी पिवळा. अंगणात पहिल्या वड्या पेटल्या त्या संध्याकाळी वर्गात हजेरी घ्यावी तशी ती एकेका धातूचं नाव घेत होती, आणि मिटलेला वर्ग जणू तिच्यापुरता पुन्हा भरला होता.

रघुनाथ हा तिचा जुना विद्यार्थी, आता तंबूंचा मालक. तिच्या वड्या तोच नेऊ लागला; कशा करायच्या हेही तिने त्याला हौसेने दाखवलं. प्रत्येक वडीबरोबर ती आपल्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी बांधी: ही ज्वाळा पाहण्यासाठी आहे, हिच्यावर काही भाजू नये.

कार्तिकातल्या एका सायंकाळी आम्ही दोघी तिकडे गेलो. धरणाच्या पाण्यावर उजेड मावळत होता, आणि काठावर एक बाई आपल्या लहान मुलीसाठी हिरव्या जाळावर कणीस भाजत होती. चिठ्ठी कुठेच नव्हती. ताईने ते कणीस हळूच काढून घेतलं, या धुरातून अन्नात विष उतरतं असं समजावलं. बाई आधी घाबरली, मग संतापली. रघुनाथने ताईला बाजूला नेलं.

"बाई, लोक मजा कराया येत्यात. तसली चिठ्ठी वाचून कोन पेटवनार? मीच काढून टाकतो त्या."

"मग माझ्याकडून नेऊ नकोस," ताई म्हणाली.

तिला वाटलं होतं, तो ओशाळेल. तो वाकून तिच्या पाया पडला आणि पुन्हा कधी आला नाही. महिन्याभरात तो स्वतःच वड्या करू लागला. बाकीच्या तंबूवाल्यांनाही तिची चिठ्ठी नको होती. मग दर रविवारी एसटीने ती काठावर जाई, शेकोटीपाशी बसलेल्यांना एकेकाला सांगे. कुणी हसत, कुणी तिला फेरीवाली समजत. पुढे फाटकावरच तिला अडवू लागले, आणि एका रविवारी ती घरातून निघालीच नाही. माळ्यावरचा भुसा पावसाळ्यात बुरसला. दोन वर्षांनी ती अंथरुणाला खिळली.

शेवटच्या दिवसांत तिने मला विचारलं, आता चिठ्ठ्या घालतात का? मी म्हटलं, घालतात. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांखाली लाल रेघ ओढणाऱ्या तिने माझं उत्तर मात्र दुरुस्त केलं नाही.

गेल्या हिवाळ्यात पाहुण्यांबरोबर मी त्या काठावर बसले होते. शेजारच्या हिरव्या जाळाभोवती कुणाची तरी मुलं त्यावरच भाजलेली कणसं आनंदाने खात होती, आणि सगळं ठाऊक असून माझी जीभ उचलली नाही. गेलेल्या माणसाची आठवण आपल्यापाशी राहते, हे खरं. पण त्याचं धैर्य मागे राहत नाही, आणि त्याने सोडलेल्या जागेवर काळ निवांत येऊन बसतो, जणू तिथे कधी कुणी नव्हतंच.