देवाच्या नावाचा पेरू

पुणतांब्याच्या मळ्यात विहिरीजवळचा पेरू देवाच्या नावाचा होता. एंजेलाच्या आजेसासूने तसा शब्द दिलेला. कापणीच्या सणाला त्याची फळं चर्चमध्ये जायची. तोवर त्याला कोणी हात लावायचा नाही, खाली पडलेलं फळसुद्धा उचलायचं नाही.

यंदा साऱ्या बागेत पेरू किडत होते. फळाला भोक आणि भोकाच्या तोंडाशी भुश्शासारखी विष्ठा. सासरे शलमोन फवारणीचा पंप पाठीवर घेऊन निघाले, तेव्हा एंजेलाने त्यांना थांबवलं. ती कोपरगावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिने काही किडकी फळं बरणीत ठेवून वर फडकं बांधलं होतं. आता बरणीत पिवळे पतंग बसले होते, पंखांवर काळे ठिपके.

"दिसाया देखणे हायेत," शलमोन म्हणाले.

"यांचीच अळी पेरू पोखरते, पप्पा. ती आत शिरली की फवारा पोचत नाही."

"येत्यात कुठनं? बांधापल्याडच्या आसारामच्या एरंडावरनं?"

"एरंडावरही होतात. पण चला, दाखवते."

ती त्यांना बांधापासून विहिरीकडे घेऊन गेली. बांधाकडे किडकी फळं तुरळक होती. विहीर जवळ येईल तशी वाढत गेली. देवाच्या झाडाखाली तर सडाच पडला होता. एंजेलाने त्यातला एक पेरू उचलला.

"ठेव खाली! माझ्या आईचा शब्द हाय."

तिने तो फोडला. आत गुलाबी अळी वळवळली.

"पडून राहिलेल्या फळांत या वाढल्या की बाग जाईल, पप्पा. मग सणाला काय नेणार?"

"शाळंतल्या पोरांवानी मला शिकवू नको."

"पोरं लवकर ऐकतात."

शलमोन हसले नाहीत. त्यांनी फांदी वाकवून एक फळ फिरवून पाहिलं. मग दुसरं, तिसरं. तिन्हींना भोक.

"आईनं अळ्या पाळाया न्हाई सांगितलं," ते म्हणाले. "पाटी आन."

किडकी फळं खोल खड्ड्यात पुरली. चांगली निघाली ती पाटीभरही नव्हती.

"ही आजच चर्चात, पाळकसाहेबांकडं."

"सणाला अजून दोन महिने आहेत. ते हसतील."

"हसू दे की."

लिंबाएवढी फळं सणासाठी झाडावरच ठेवली होती. एंजेलाने एकेक तपासून पतंग बसू नये म्हणून त्यावर पिशवी चढवली, शलमोन दोरा बांधत गेले.

"फार आवळू नका, देठ तुटेल."

"गाठ तरी मला शिकवू नको, बाई," म्हणत त्यांनी स्टूल पुढच्या फांदीखाली सरकवलं.