जिवंत माल

"शिडी धरा जरा," म्हणत शालूनं पदर कमरेला खोचला आणि ती मारुतीरावांच्या दुकानाच्या माळ्यावर चढली.

खाली दोघं जण वर बघत उभे होते. एक दुकानाचे मालक मारुतीराव, निपाणीत बी-बियाणं आणि खतं विकणारे. दुसरे हिरेमठ साहेब, मालाची प्रत तपासून शिक्का देणाऱ्या खात्याचे निरीक्षक. पेरणीच्या आधी त्यांनी याच दुकानातून शालूच्या जिवाणू खताची पुडी तपासणीला नेली होती. आज निकाल सांगायला ते स्वतः आले होते. पुडी नापास झाली होती.

माळ्यावर ताठ उभं राहता येत नव्हतं. पत्रे डोक्याला लागत होते. बाहेर जुलैचं आभाळ भरलेलं होतं, तरी वर गदमदत होतं. युरियाच्या पोत्यांमागं उरलेल्या पुड्या पडल्या होत्या. शालूनं एक फोडली. आतली काळी भुकटी मुठीत दाबल्यावर ओलसर गोळा व्हायला हवा. ही राखेसारखी बोटांतून गळून गेली.

ती खाली उतरली. "मारुतीराव, हा माल वर कधीपासून हाय?"

"पाडव्याला तुझ्या भावानं आणून टाकला की. तवापासनं."

"म्हणजे सगळा उन्हाळा पत्र्याखाली?"

"मग काय देव्हाऱ्यात ठेवू? खत हाय ते, बाई. युरिया ऱ्हातोय, पोटॅश ऱ्हातंय. तुझंच काय लई नाजूक?"

"ते जिवंत असतंय, मारुतीराव."

हिरेमठांनी चष्मा पुसला. घरची भाषा कन्नड; मराठी ते सावकाश, शब्द निवडून बोलत. "हे बघा शालूबाई. तुम्ही अनगोळला खत करता, त्या जागेतला नमुना पण मी नेलो होतो. तो चांगला निघाला आहे. म्हणजे चूक इथली. तसं लिहून द्या, दुकानदारानं माल नीट ठेवला नाही म्हणून. तुमचा शिक्का राहतो, सरकारी ऑर्डर पण राहते. दोन ओळी पुरे."

मारुतीरावांचा चेहरा उतरला. "साहेब, मग माझी सगळ्या कंपन्यांची एजन्सी जाईल की हो." मग शालूकडं वळून ते हळू आवाजात म्हणाले, "तुझी आई आमच्या वखारीत होती. इसरू नको."

"इसरले न्हाय," शालू म्हणाली. "मला एवढं सांगा, सोयाबीनच्या पुड्या कुणी कुणी नेल्या?"

"तू या पिकाचं सांगितलं हुतंस त्या अकोळच्या भरमूनं. आणि त्याचं बघून त्याच्या बांधाशेजारच्या दोघातिघांनी. हितं सोयाबीन पेरतंय कोण दुसरं?"

शालूनं पिशवी उचलली. "साहेब, संध्याकाळपर्यंत थांबाल? लिहून देते. आधी अकोळला जाऊन येते."

हिरेमठ काही विचारणार होते. तोवर ती रस्त्यावर होती.

शालू कोलकार निपाणीचीच. तिची आई तानीबाई तंबाखूच्या वखारीत चाळण मारून म्हातारी झाली होती. अंगाला, केसांना, भाकरीलासुद्धा तंबाखूचा वास असलेल्या घरातून शालू बेळगावला कॉलेजात गेली, सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली आणि काही वर्षं धारवाडला प्रयोगशाळेत नोकरीला होती. तिथं तिनं पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकातून ते जिवाणू पाहिले. कडधान्याच्या मुळांत घर करतात, हवेतला नत्र धरून पिकाला देतात आणि बदल्यात थोडी साखर घेतात. हा व्यवहार तिला फार आवडला. दोन्ही बाजूंनी इतका सरळ व्यवहार तिनं माणसांत पाहिला नव्हता.

नोकरी सोडून ती बेळगावातल्या अनगोळला आली. थोरला भाऊ परशराम पोस्टात होता. त्याच्या घरामागच्या दोन खोल्यांत तिनं काम उभं केलं. लग्नाच्या जेवणावळीत वापरतात तसला मोठा कुकर काचेच्या बाटल्या निर्जंतुक करायला, एक शीतकपाट, आणि कोळशाची बारीक ओलसर भुकटी, जिच्यात जिवाणू वाढवून पुड्या भरायच्या. शेजारच्या बायका विचारायच्या, "शालू, तू रोगाचं जंतू विकतीस व्हय गं?" ती हसून त्यांना आत बोलवायची. दोन वर्षांत शिक्का मिळाला आणि तिसऱ्या वर्षी सरकारी ऑर्डर आली. अनगोळातली ती पहिलीच अशी बाई, जिच्या दारात माल न्यायला टेम्पो उभा राहायचा. परशराम दुकानांना माल पोचवायचा, शालू माल करायची. पोचवलेल्या मालाचं पुढं काय होतं हे बघायला दोघांपैकी कुणीच गेलं नव्हतं.

अकोळच्या फाट्यावर उतरून ती भरमूच्या रानात पोचली, तेव्हा बांधावर नांगर आणून ठेवलेला होता.

रान पिवळं पडलं होतं. सोयाबीन वीतभर वाढून थबकलं होतं. भोवती लोकांची रानं तंबाखू लावायला तयार होत होती आणि मधोमध भरमूचा आणि त्याचं बघून पेरणाऱ्यांचा हा पिवळा पट्टा सगळ्या गावाला दिसत होता.

"या बाई," भरमू म्हणाला. आवाजात राग नव्हता, ते शालूला जास्त लागलं. "बघा तुमचं नवं पीक. उद्या सकाळी मोडतोय. अजून तंबाखूची रोपं मिळत्यात."

त्याची बायको अक्काताई बैलांना वैरण टाकत होती. ती न वळताच बोलली. "गाव हसतंय. म्हणत्यात, भरम्याला हळद लागली. मी म्हणलं हुतं, आपल्या मातीत न्हाय यायचं हे."

शालू वाफ्यात उतरली. एक रोप मातीसकट अलगद उपटून तिनं तांब्यातल्या पाण्यात मूळ धुतलं. मूळ स्वच्छ निघालं, दोऱ्यासारखं. जिवाणूंनी घर केल्याची एकसुद्धा गाठ नव्हती.

इथं गप्प बसणं फार सोपं होतं. भरमूनं मातीला दोष दिला होता, गावानं पिकाला. पुडीचं नावही कुणी घेतलं नव्हतं.

"आप्पा, माती चांगली हाय," शालू म्हणाली. "पीक पण चांगलं हाय. मी दिलेली पुडी मेलेली हुती."

भरमूला कळायला वेळ लागला. "मेलेली म्हंजे?"

"त्यातलं जिवाणू उन्हानं मेलं हुतं. तुम्ही बियाला चोळलं ते नुसता कोळसा. या पिकाला लागणारा जिवाणू इकडच्या मातीत न्हाय, ते पीकच इकडं नवं हाय. म्हणून ते उपाशी ऱ्हायलंय."

आता अक्काताई वळली. "आणि हे तू आता येऊन सांगतीस? रान मोडायच्या आदल्या दिवशी?"

"मला आजच कळलं, आक्का. कळलं तशी आले."

भरमूनं हातातला कासरा जमिनीवर टाकला. त्याचा आवाज चढला. "माझ्या बापानं, आज्यानं तंबाखूच केला. मी एकटा उठलो आणि तुझ्या सांगण्यावरनं हे पेरलं. लोकास्नी मी काय सांगू, कोळसा चोळला म्हणून?"

"सांगा. माझं नाव घेऊन सांगा. पण नांगर थांबवा. माझ्याकडं ताजा माल हाय. शेणखतात कालवून ओळींच्या कडंला पेरायचा, आणि वरनं कोळपं मारायचं. माती ओली हाय. मूळ अजून कोवळं हाय, धरंल."

"नक्की धरंल?"

"नक्की म्हणणार न्हाय. असं उभ्या पिकात मी कधी केलेलं न्हाय. पण मोडल्यावर तर काहीच उरायचं न्हाय."

भरमूनं बायकोकडं बघितलं. अक्काताईनं वैरणीची पेंढी खाली ठेवली. "तंबाखूची रोपं आठ दिवस मिळतील अजून," ती म्हणाली. "थांबा तेवढं."

संध्याकाळी दुकानात परतून शालूनं हिरेमठांना कागद दिला. त्यांनी उभ्याउभ्याच वाचला. माल दुकानात नीट ठेवला गेला नाही, हे पहिलं वाक्य. तो कसा ठेवायचा हे दुकानदाराला सांगण्याची आणि जाऊन बघण्याची व्यवस्था मी केली नव्हती, हे दुसरं.

"दुसरं वाक्य कशाला?" हिरेमठ वैतागले. "पहिलं पुरे होतं. हे असलं तर शिक्का या हंगामापुरता थांबवावा लागेल मला. ऑर्डर पण जाईल."

"दोन्ही वाक्यं खरी आहेत, साहेब."

"ते कळालं हो मला." त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. जाताना दारात थांबून म्हणाले, "पुढच्या हंगामात अर्ज करा. मीच येतो तपासायला."

परशरामला हे कळलं तेव्हा तो जेवत होता. त्यानं ताट बाजूला सारलं.

"खोलीत एवढा ताजा माल भरलाय तो सरकारी ऑर्डरीचा. आता शिक्का न्हाय म्हंजे विकायचा पण न्हाय. काय करणार त्याचं?"

"विकायला बंदी हाय, अण्णा. द्यायला न्हाय. अकोळला नेते."

"फुकट? वर्षभराची मेहनत? अगं, तो भरमू काय तुझ्या दारात भांडायला येणार हुता? तंबाखूवर गेला असता परत, झालं."

"त्यो गेला की त्याच्या मागनं कुणीच येणार न्हाय पुढं. आणि आपण माल करायचा कुणासाठी मग?"

परशराम उठून गेला. तो चिडला होता, आणि त्याचं चिडणं चूक आहे असं शालूला वाटलं नाही. त्या खोल्या त्याच्या होत्या. पण सकाळी ती ओल्या गोणपाटात पुड्या बांधून स्टँडवर पोचली, तर जड गाठोडं खांद्यावर घेऊन परशराम आधीच निपाणीच्या गाडीपाशी उभा होता. वाटेत खिडकीतून ऊन आलं तसं त्यानं स्वतःचा शर्ट काढून गाठोड्यावर टाकला आणि बनियनवर बसून राहिला.

आदल्या संध्याकाळी शालूनं सांगून ठेवल्याप्रमाणं निपाणीत तानीबाई तयार होती. तिनं वखारीतल्या जुन्या मैत्रिणी गोळा केल्या होत्या, चाळणी-बुट्ट्यांसकट. "चाळायचंच हाय न्हवं?" ती खोकत म्हणाली. "जल्मभर तेच केलंय. शेणखत तर नाकाला झोंबत पण न्हाय."

भरमूच्या खळ्यावर बायकांनी शेणखत पिठासारखं चाळलं. शालूनं झाडाच्या सावलीत त्यात पुड्या कालवल्या, गुळाचं पाणी शिंपडलं. मग सगळ्या जणी ओळीनं रानात उतरल्या. मुठीनं पिकाच्या कडेला खत सोडत जायचं, मागून भरमू कोळप्यानं माती ओढत यायचा. बारीक भुरभुर चालू होती. अक्काताई पहिल्या दिवशी बांधावरून बघत होती. दुसऱ्या दिवशी तिनंही बुट्टी कमरेवर घेतली. तानीबाईच्या शेजारची ओळ धरून ती चालू लागली, आणि दुपारपर्यंत दोघींच्या गप्पा सुनांपर्यंत पोचल्या होत्या. भरमूचं झालं तशी शेजाऱ्यांचीही रानं झाली.

आठ दिवसांनी शालू परत आली. पीक होतं तसंच पिवळं. भरमूनं नांगर अजून बांधावरच ठेवला होता. शालूनं एक मूळ धुऊन बघितलं. मोहरीच्या दाण्याएवढे दोन उंचवटे बोटाला लागले. तिनं भरमूचं बोट धरून त्यांवर टेकवलं. "लागलं?"

"लागलं," तो म्हणाला. आणि तंबाखूची रोपं आणायला कुणी गेलं नाही.

ऑगस्टच्या शेवटी रान हिरवं झालं. सगळं नाही. वरच्या अंगाला पाणी तुंबत होतं, तो पट्टा शेवटपर्यंत पिवळाच राहिला. पण खालचं रान असं माजलं की सऱ्या दिसेनात. सरकारी ऑर्डर दुसऱ्या कुणाला गेली होती. मारुतीरावांची एजन्सी वाचली, पण त्यांनी शालूच्या मालाची पाटी काढून टाकली होती. अनगोळच्या खोल्यांत एकच शेगडी पेटत होती. शालू मात्र रोज नव्या बाटल्यांत जिवाणू वाढायला लावत होती. पुढच्या वर्षी दुकानांत माल ठेवायचाच नाही, पेरणीच्या तोंडावर ताजा करून बांधावर पोचवायचा, हे तिनं ठरवून टाकलं होतं. माल कमी जाईल. जाईल तो जिवंत जाईल.

गणपतीनंतर एकदा ती आईला घेऊन अकोळला गेली, तेव्हा भरमूच्या रानात माणसं जमली होती. कुर्लीकडचे, सौंदलग्याकडचे शेतकरी. भरमू मधोमध उभा राहून बोलत होता.

"बी एकटं टाकून चालत न्हाय बघा. त्याच्या मुळाला सोबत लागती." त्यानं एक रोप उपटलं, मुळावरची गाठ नखानं फोडली. आत लालभडक निघालं. "हे असं रगतावानी दिसलं की समजायचं, पीक जेवतंय. माझं पण आधी पिवळं पडलं हुतं. मग इलाज केला."

"हे कुठं शिकलास रं?" कुणीतरी विचारलं.

"करून बघितलं की," भरमू म्हणाला.

बांधावर तानीबाईनं लेकीचा दंड धरला. "तुझं नाव घ्यायला काय झालं त्याला?"

"खोटं कुठं बोलतोय, आई? केलंच की त्यानं." शालू थोडा वेळ ऐकत राहिली. त्यानं सगळं बरोबर सांगितलं, एकही गोष्ट चुकवली नाही. सांगून झाल्यावर लोकांनी रोप हातोहात फिरवलं.

दोघी परत निघाल्या. बांध अरुंद होता, दोन्हीकडं चिखल. समोरून उशिरा आलेला एक म्हातारा शेतकरी येत होता. डोक्याला स्वच्छ फेटा, पायांत नव्या करकरीत वहाणा. तो वाटेत थांबला.

"कुणाच्या रोजावर आलाय गं बायांनो?"

"रोजावर न्हाय, आजोबा," शालू म्हणाली. "मी अनगोळची. ह्या पिकाला चोळायचं खत मी करते. पुढच्या साली पेरणीच्या आधी निरोप द्या. ताजं आणून देईन."

म्हाताऱ्यानं तिच्याकडं नीट बघितलं. मग तानीबाईकडं. "व्हा पुढं, बाई," म्हणत तो वाट द्यायला बांधावरून खाली घोट्याएवढ्या चिखलात उतरला, नव्या वहाणांसकट, आणि दोघी पुढं जाईपर्यंत तसाच उभा राहिला.