काळ्या कापडावरचं रफू

तिने डॅशबोर्डवर काळं कापड अंथरलं, कोपरे खोचले आणि मधली सुरकुती तळहाताने सपाट केली. हे कापड नसलं की डॅशबोर्डवरचं सगळं समोरच्या काचेत उमटतं आणि चित्रणाचा विचका होतो. मागच्या सीटवरून दीर वाकून बघत होता.

“मधे हे पांढरं काय, वहिनी? फाटलं होतं का?”

“हो. रफू केलंय.”

“पांढऱ्या दोऱ्याने?”

“घरात तोच होता.”

“असू दे. उन्हात दिसायचं नाही.” त्याने दोन सीटच्या मधल्या दांडीवर कॅमेरा पक्का केला. “आणि एकदा थेट प्रक्षेपण सुरू झालं की तोंडातून चकार शब्द नाही. गाडी मीच चालवतो असं सांगितलंय सगळ्यांना.”

“ठाऊक आहे मला.”

तिच्याकडे येण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं. भाड्याने आणलेले दोन्ही ड्रायव्हर दर वळणाला हिसके देत होते, आणि दोन तास अखंड घाटरस्ता दाखवायचा गाजावाजा तर करून झाला होता. तिला गाडी तिच्या नवऱ्याने शिकवली होती. तो चालवत असला की काठोकाठ भरलेल्या पेल्यातलं पाणी वळणावर हिंदकळतसुद्धा नसे. आठ वर्षं दोघा भावांनी मिळून असे रस्ते लोकांना घरबसल्या दाखवले, थोरल्याने गाडी चालवली आणि धाकट्याने कॅमेरा सांभाळला. मग एका सकाळी दाढी करताना थोरल्याची डावी बाजू लुळी पडली.

महिन्याभरात धाकट्याने प्रत्येक चित्रफितीवरून भावाचं नाव पुसलं आणि तिथे आपलं घातलं. ती जाब विचारायला गेली तेव्हा म्हणाला होता, “लोक मन शांत करायला येतात, वहिनी. त्यांना आजारपण कशाला दाखवायचं?”

नवरा दिवसभर पडद्यासमोर बसून आपलेच जुने रस्ते बघायचा. वळण आलं की त्याचा उजवा पाय जमिनीवर हळूच दाबला जाई, ब्रेक दाबावा तसा. ते बघून तिच्या डोक्यात तिडीक जाई. तिला समजूत नको होती, न्याय वगैरेही नको होता. दिराचं नाक कापायचं होतं, तेही चारचौघांत.

दहाला प्रक्षेपण सुरू झालं. तिने वेग तीसवर ठेवला. खाली दरी उन्हात लख्ख पसरली होती आणि मागे दीर फोनवर लोकांचे निरोप वाचत खुशीत पाय हलवत होता. अकरा हजार माणसं बघत होती, आणि घरी एक.

मग जंगल लागलं. पहिल्या झाडाखाली काचेवर काहीतरी पांढुरकं उमटलं आणि उन्हात आल्यावर विरलं. पुढच्या दाट सावलीत ते टिकलं. चार अक्षरं, रस्त्याच्या मधोमध, सुलट आणि स्वच्छ. चार दुपारी आरशासमोर बसून तिने कापडावर दोऱ्याने उलटं भरलेलं नवऱ्याचं नाव. उलट्या अक्षरांना दिराने रफू समजून सोडून दिलं होतं.

मागचे पाय हलायचे थांबले.

त्याने कापड ओढायला दोन सीटमधून हात पुढे घातला आणि तसाच मागे घेतला. मागून आलेला हात कॅमेऱ्यात दिसला असता, आणि लोकांच्या लेखी तो तर पुढे बसून गाडी चालवत होता. मग त्याने फोनवर काहीतरी लिहून तिच्या खांद्याशी धरलं. तिने रस्त्यावरची नजर काढली नाही. शेवटी त्याला राहवलं नाही.

“वहिनी,” तो कुजबुजला.

कुजबूज माइकने टिपली. तिला फोन बघायची गरज नव्हती. गाडीतल्या आरशात त्याचा चेहराच पुरेसा होता. कोण वहिनी, गाडी कोण चालवतंय, हे नाव कुणाचं, अकरा हजार माणसं विचारत असणार. त्याचा अंगठा प्रक्षेपण बंद करायच्या लाल खुणेवर जाऊन थबकला. ‘अखंड’ हा शब्द त्यानेच मोठ्या अक्षरांत लिहिला होता.

समोर बोगदा दिसू लागला. आतल्या प्रत्येक दिव्याखाली नाव उजळणार होतं. ती माइककडे तोंड करून, पाहुण्यांशी बोलावं तशी बोलली.

“भाऊजी, लोक विचारतायत. सांगा ना, कुणाचं नाव आहे ते.”

गाडी आत शिरली. एक दिवा गेला, दुसरा गेला.

“दादाचं,” तो पुटपुटला.

“मोठ्याने बोला. इथे घुमतं.”

“माझ्या दादाचं.”

“आणि आधीच्या सगळ्या रस्त्यांवर गाडी कुणी चालवली?”

बोगदा तीन किलोमीटरांचा होता. तिने ब्रेकवर पाय ठेवला, काठोकाठ भरलेला पेलाही हिंदकळणार नाही इतक्या हलक्याने, आणि काटा तीसवरून वीसवर आणला. घरी पडद्यासमोर एक उजवा पायही त्याच वेळी दाबला गेला असणार.

“सांगा, भाऊजी,” ती म्हणाली. “घाई नाही.”