मागच्या दारचं बोरेज

लांब पल्ल्याची बस चालवण्यात ड्रायव्हरचं आयुष्य गेलं. निवृत्त होऊन तो घरी बसला न बसला, तोच बायको गेली. घर खायला उठायचं. जेवताना रेडिओ लावायचा आणि बातम्या देणाऱ्यालाच "बरं, बरं" म्हणत घास गिळायचा.

मागच्या अंगणात बायकोनं लावलेलं काहीतरी माजलं होतं. पानांवर टोचणारी लव, माना खाली घातलेली निळी चांदणीसारखी फुलं आणि त्यांच्यावर मधमाश्यांचा नुसता बाजार. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, रान असेल. काढून टाका, साप-विंचू निघायचा." हाताला काम मिळालं म्हणून त्यानं कंबर मोडेस्तोवर सगळं उपटलं.

दुपारी मागच्या फाटकातून पलीकडच्या गल्लीतली शिंपीणबाई आत आली. गळ्यात टेप तशीच. उपटलेला ढीग पाहून तिचा चेहरा पडला.

"अहो, हे काय केलंत? बोरेज होतं ते!"

"मला काय ठाऊक? रान वाटलं."

"रान म्हणे! तुमच्या मंडळींनी बी टाकून वाढवलं होतं." ती हक्कानं पायरीवर बसली. एक पान चुरगळून तिनं त्याच्या नाकाशी धरलं. काकडीचा गार वास आला. "आम्ही दोघी इथंच बसायचो. कोवळी पानं पाण्यात टाकायची, वर दोन फुलं. यानं मन हलकं होतं, म्हणायची. खरंखोटं देव जाणे, पण हसायची मात्र पोटभर. तुमची नक्कल करायची. झोपेतसुद्धा गिअर टाकता म्हणे!"

बायकोला नकला येतात हे त्याला आजच कळत होतं. तो हसला.

"आणखी काय म्हणायची?"

शिंपीणबाई टेपशी चाळा करत राहिली. "म्हणायची, माणूस सोन्यासारखा. पण सगळं बोलणं कंडक्टरशी संपवून घरी येतो."

खरंच होतं ते. घरातल्या शांततेला तो विसावा समजत आला होता. तिलाही तसंच वाटत असेल, हे त्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं.

"येत जा अधूनमधून," तो कसाबसा म्हणाला.

"दुकान बंद केलं हो. उद्या मुलाकडे चालले, कायमची. तिचं अंगण एकदा बघावं, म्हणून आले होते."

ती गेल्यावर त्यानं ढिगातलं त्यातल्या त्यात टवटवीत रोप शोधून पुन्हा मातीत खोचलं, पाणी घातलं. संध्याकाळपर्यंत तेही मान टाकून आडवं झालं. मधमाश्या मात्र मोकळ्या जमिनीवर घिरट्या घालत होत्या.

तो पायरीवर टेकला. शेजारी एका माणसापुरती जागा सोडून.

"शिंपीणबाई आली होती," तो मोठ्यानं म्हणाला. घरातलं बोलणं त्याला कधी जमलंच नव्हतं. मग त्यानं डेपोपासूनच सुरुवात केली. थंडीत इंजिन कसं अडून बसायचं, मग सगळ्या उतारूंना खाली उतरवून ढकलायला कसं लावायचं, आणि त्यात एकदा एक नवरदेवही कसा होता.

अंधार पडला तरी तो सांगतच होता.