आकड्यावरची शिरोरेषा

अहो, नाक मुरडू नका! मी लॉगटेबल बोलतोय. माझ्यात ना गोष्ट, ना चित्र. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत नुसते आकडे. पण भल्याभल्या गुणाकारांची मी बेरीज करून टाकतो, आहात कुठे!

जन्म पुण्याच्या छापखान्यातला, सन ऐंशीचा. रत्नागिरीच्या बाजारात मला पूर्णगडच्या धाकूनं घेतलं. अभ्यासात यथातथा, पण पेन्सिल सारखी चालू. कॉलेजातले गणिताचे आठल्ये सर दरवर्षी परीक्षेत एक गणित तेच घालतात, हे त्यानं हेरलं आणि ते माझ्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत उत्तरासकट लिहून ठेवलं. मला लाज वाटली, पण सांगतो कुणाला? कशीबशी बारावी उरकून तो मुंबईला गेला आणि मी आलो त्याच्या चुलतबहिणीकडे, मथुरेकडे.

मथुरेनं मला हातात घेतलं आणि आधी खाकी कागदाचं कव्हर घातलं. धाकूची करामत कव्हराच्या घडीखाली झाकली गेली, तिच्या नजरेलाही न पडता. पोरगी हुशार हो! लॉगचा आलेख काढला की मैत्रिणीला म्हणायची, "आमच्या गावची वाटच गो ही. आधी खाडीतून उभा चढ, मग वर सड्याच्या सपाटीवरून आपलं सावकाश." कॉलेजात गेलेली घरातली ती पहिली मुलगी. तिचे वडील गुणाजी, म्हणजे आबा, मासेमारी करायचे. त्यांनी बजावलेलं, "शीक गो किती शिकायचं ते. पण नाव खराब झालं तर दुसऱ्या दिवशी घरी!"

घोळ झाला तो एका रेघेचा. एकापेक्षा लहान संख्येचा लॉग काढला की दशांशचिन्हाआधीच्या आकड्याच्या डोक्यावर आडवी रेघ येते. तिला बार म्हणतात; म्हणजे तेवढा आकडा वजा. सरांनी हे शिकवलं त्या दिवशी मथुरेची एसटी चुकली. मैत्रिणीची वही उतरवताना तिला वाटलं, ही शिरोरेषाच! सवयीनं ओढली असेल. आकड्यांना कशाला हवी शिरोरेषा? आणि बाईसाहेबांनी सगळ्या रेघा गाळून टाकल्या. मी कपाळावर हात मारला असता, पण हात कुठाय!

पूर्वपरीक्षेला शेट्ये बाई सुपरवायझर होत्या. पेपर संपता संपता त्यांनी मला उचललं, कव्हर काढलं आणि ओरडल्या, "कॉपी!"

मथुरा पांढरीफटक पडली. "बाई, देवाशप्पत, मी नाय ओ लिवलेलं! कव्हराखाली मी कधी बघितलंच नाय."

"सगळे असंच म्हणतात. बोर्डाला बसायचं विसर आता. आणि वडलांना बोलावून आण."

एवढी गुणाची पोर, आणि तिला बुडवणार मी?

आठल्ये सर आले. त्यांनी मला उलटंसुलटं करून बघितलं, मग तिचा पेपर पुढ्यात ओढला आणि नेमकं ते गणित काढलं. काय सांगू, म्हातारा हसतच सुटला!

"बाई, पुठ्ठ्यावर उत्तर आहे शून्य पूर्णांक शून्य दोन चार दोन दोन. हिचं आहे चोवीस हजार दोनशे वीस! कॉपी करणारी एवढी चुकेल कशी?" मग मथुरेकडे वळून म्हणाले, "आणि तू गो, रेघा कुठे गेल्या सगळ्या?"

"ती... शिरोरेषा ना, सर?"

शेट्ये बाईंनाही हसू आवरेना. चार मार्क गेले, पण वर्ष वाचलं.

बाजाराला आलेले गुणाजी फाटकाशी थांबले होते. मथुरा धावत सुटली. "आबा, चुकलं माझं गणित! सगळं चुकलं!" हसतेय काय, रडतेय काय! बिचाऱ्यांनी तिच्या कपाळाला हात लावून बघितला, ताप तर नाय ना.

आता ती बी.एस्सी.ला आहे. वर्गात कुणाचा तरी दुबईचा कॅल्क्युलेटर फिरतो, मी आपला फळीवर पडून असतो. रुसलोय थोडा, खोटं कशाला बोलू! पण तिची धाकटी बहीण बारावीला आली की माझी पाळी येईलच. पोरांनो, पोरींनो, तेव्हा खुशाल चुका. फक्त आपलं आपण चुका हो!