खाचराचं नवं

आमच्या पाड्यावरच्या जुन्या चर्चमध्ये दरवर्षी नवं करतात. भाताच्या पहिल्या लोंब्या वेदीवर ठेवल्या, की मगच घरोघरी नवा तांदूळ शिजतो. यंदा शहापुराहून आलेल्या नव्या फादरांनी ते दिवाळीनंतर ढकललं आणि आम्ही ख्रिस्ती मंडळींनी माना डोलावल्या. मेंढरं कुठली!

शेजारची ठकी मात्र लोंब्या घेऊन थेट आत शिरली.

"पण मावशी, तुम्ही तर हिंदू ना?" फादर म्हणाले.

"हाय ना. आमच्या देवाला कालच दिल्या. पण हे चर्च माझ्या आजेसासऱ्यानं दिलेल्या खाचरात हाय. आता तिथं भात पिकत नाय, म्हणून त्या खाचराचं नवं करायचंच नाय काय?"

फादरांनी आधी पायातले बूट काढले, मग दोन्ही हात पुढे केले.